फाइलचा पाथ टाइप करू नका, कॉपी करा

संगणक वापरताना आपला बराचसा वेळ काम करण्यात जात नाही, फाइल शोधण्यात जातो. मिळालेली फाइल दुसऱ्या प्रोग्रामला दाखवताना पुन्हा तीच भटकंती होते: हे फोल्डर उघड, ते फोल्डर उघड, खाली सरक. प्रोग्राम लिहिताना पाथ हाताने टाइप केला की ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश येतो. या पाठात आपण तीन गोष्टी शिकू: पाथ म्हणजे काय, तो काही कळा दाबून कसा मिळवायचा आणि मिळालेला पाथ कुठे व कसा वापरायचा.

एक सूचना आधीच देतो. या पाठात कळांची नावे, मेनूतील शब्द आणि आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष संगणकावर मेनूतील शब्द बहुधा इंग्रजीत दिसतील, आणि आज्ञा रोमन अक्षरांतच टाइप करायच्या आहेत.

१. नाव वेगळे, पत्ता वेगळा

दिल्लीत महाराष्ट्र सदने दोन आहेत. जुने कोपर्निकस मार्गावर आणि नवे कस्तुरबा गांधी मार्गावर. स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला नुसते ‘महाराष्ट्र सदन’ सांगितले, तर तो दोन्हींपैकी कुठेही नेईल आणि त्यात त्याची चूक नसेल. नाव बरोबर होते, पण पत्ता अपुरा होता.

तुमच्या संगणकावर ‘अहवाल’ नावाच्या किती फाइली आहेत ते आठवा. एक डाउनलोड्समध्ये, एक डेस्कटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत, पण वेगवेगळ्या फोल्डरांत कितीही राहू शकतात. म्हणून नावाने फाइल ओळखता येत नाही. ती ओळखता येते पूर्ण पत्त्याने, आणि या पूर्ण पत्त्यालाच पाथ म्हणतात:

डी:\अभ्यास\सत्र_५\प्रकल्प\अहवाल.पीडीएफ

टपालाचा पत्ता लहानाकडून मोठ्याकडे जातो: व्यक्ती, इमारत, रस्ता, शहर. पाथ मोठ्याकडून लहानाकडे येतो: आधी ड्राइव्ह, मग फोल्डर, त्यातले फोल्डर आणि शेवटी फाइल. दोन नावांमध्ये विंडोजवर उलटी तिरपी रेघ म्हणजे बॅकस्लॅश असते, तर लिनक्स आणि मॅकवर सुलटी तिरपी रेघ म्हणजे स्लॅश. हा फरक जुना आहे. युनिक्समध्ये सुरुवातीपासून स्लॅश होता. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये फोल्डरांची सोय १९८३ साली, दुसऱ्या आवृत्तीत आली. तोवर डॉसच्या आज्ञांमध्ये स्लॅशचा उपयोग पर्याय सांगण्यासाठी होऊ लागला होता. त्यामुळे फोल्डरांसाठी बॅकस्लॅश निवडला गेला.

मोठ्याकडून लहानाकडे येणारा एक पत्ता आपण रोज लिहितो, तो म्हणजे पिन कोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. ते संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, चुकीचे पत्ते आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेली नावे यांमुळे पत्रे भलतीकडे जात. एकट्या महाराष्ट्रात वडगाव किती आहेत ते पाहा! सहा अंकी पिनमधला पहिला अंक विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय. कस्तुरबा गांधी मार्गाचा पिन ११०००१ आहे. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिन ४ पासून सुरू होतात. सारखी नावे आणि एकाच नावाची निरनिराळी लेखने यांतून निर्माण होणारा गोंधळ टाळण्यासाठी पायरीपायरीचा पत्ता लागतो. पाथचे कामही हेच आहे.

२. दिसते ते आणि असते ते

पाथ हाताने का टाइप करू नये? कारण पडद्यावर दिसणारे नाव आणि खरा पाथ यांत अनेकदा फरक असतो. चार नेहमीची कारणे पाहू.

पहिले कारण, लपवलेले एक्स्टेंशन. विंडोज ओळखीच्या फाइलींच्या नावातला शेवटचा भाग मूळ मांडणीत दाखवत नाही. नोटपॅडमध्ये ‘डेटा.सीएसव्ही’ नावाने साठवलेली फाइल प्रत्यक्षात ‘डेटा.सीएसव्ही.टीएक्सटी’ असू शकते. प्रोग्राम पहिले नाव शोधतो आणि रिकाम्या हाताने परततो.

दुसरे कारण, हललेला डेस्कटॉप. वनड्राइव्हचा बॅकअप चालू केला असेल, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरे वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जातात. पडद्यावर काहीच बदललेले दिसत नाही, पण पाथमध्ये मध्येच ‘वनड्राइव्ह’ हा शब्द आलेला असतो.

तिसरे कारण, भाषांतरित नावे. विंडोजची भाषा बदलली की काही खास फोल्डरांची नावे त्या भाषेत दिसू शकतात. डिस्कवर मात्र मूळ इंग्रजी नावच राहते.

चौथे कारण, मोकळ्या जागा आणि सारखी दिसणारी अक्षरे. नावात दोन शब्दांमध्ये एक जागा आहे की दोन, हे नजरेला कळत नाही. मराठी नावांत हा प्रश्न आणखी मोठा होतो. त्याबद्दल सहाव्या भागात पाहू.

पाथ कॉपी केला की हे चारही प्रश्न एकदम सुटतात, कारण जे प्रत्यक्ष डिस्कवर आहे तेच क्लिपबोर्डवर येते.

३. विंडोजवर पाथ कॉपी करणे

फाइलचा पाथ: फाइल एक्स्प्लोरर उघडा (विंडोज + ई). फाइल निवडा. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत कंट्रोल + शिफ्ट + सी दाबा, पाथ कॉपी झाला. विंडोज १० मध्ये शिफ्ट दाबून धरा, फाइलवर उजवी क्लिक करा आणि ‘कॉपी ॲज पाथ’ निवडा. विंडोज ११ मध्ये शिफ्ट न दाबताही हा पर्याय उजव्या क्लिकच्या मेनूत दिसतो. अनेक फाइली निवडल्या असतील तर प्रत्येकीचा पाथ वेगळ्या ओळीवर येतो. प्रयोगाच्या वीस फाइलींची यादी अहवालात द्यायची असेल, तर हे काम काही सेकंदांत होते.

फोल्डरचा पाथ: फोल्डर उघडलेले असताना ऑल्ट + डी दाबा. वरच्या पट्टीतला पत्ता निवडला जातो. मग कंट्रोल + सी. कधी कधी डेस्कटॉपसारख्या खास फोल्डरात इथे पूर्ण पाथऐवजी नुसते नाव येते. तसे झाले तर एक पायरी वर जा, ते फोल्डर निवडा आणि ‘कॉपी ॲज पाथ’ वापरा.

उघडलेल्या दस्तऐवजाचा पाथ: वर्ड किंवा एक्सेलमध्ये फाइल मेनूतील ‘इन्फो’ या पानावर ‘कॉपी पाथ’ आणि ‘ओपन फाइल लोकेशन’ हे पर्याय असतात. फाइल वनड्राइव्हवर असेल तर ‘कॉपी पाथ’मधून डिस्कवरचा पाथ न येता इंटरनेटवरचा दुवा येऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

कमांड प्रॉम्प्टमध्ये: फाइल उचलून काळ्या खिडकीत सोडा, तिचा पूर्ण पाथ तिथे उमटतो. त्या फोल्डरातच कमांड प्रॉम्प्ट हवा असेल तर ऑल्ट + डी दाबून वरच्या पट्टीत सी-एम-डी ही तीन अक्षरे टाइप करा आणि एंटर दाबा. मग एकेक फोल्डर ओलांडत यायची गरज राहत नाही.

४. आधी फाइल सापडायला हवी

पाथ कॉपी करायचा तर फाइल समोर हवी. ती शोधण्याचे मार्ग सोप्यापासून सुरू करू.

नुकतीच उतरवलेली फाइल: ब्राउझरमध्ये कंट्रोल + जे दाबा. डाउनलोडची यादी येते. प्रत्येक नोंदीशेजारी ‘शो इन फोल्डर’ अशा अर्थाचे चिन्ह असते. ते दाबले की फोल्डर उघडते आणि फाइल निवडलेली असते. लगेच पाथ कॉपी करा.

नाव थोडेफार आठवते: विंडोज कळ दाबा आणि नाव टाइप करायला लागा. सापडलेल्या फाइलच्या बाजूला ‘ओपन फाइल लोकेशन’ आणि ‘कॉपी पाथ’ हे पर्याय दिसतात.

फोल्डर माहीत आहे, पण आत गर्दी आहे: एक्स्प्लोररमध्ये कंट्रोल + एफ दाबून शोधपट्टीत जा. ताऱ्याचे चिन्ह म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. तारा, टिंब आणि पीडीएफ असे टाइप केले तर त्या फोल्डरातल्या आणि त्याखालच्या सर्व पीडीएफ फाइली दिसतात. सापडलेल्या फाइलवर उजवी क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले की ती जिथे आहे ते फोल्डर उघडते.

सगळे पाथ एका झटक्यात हवेत: त्या फोल्डरात कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ही आज्ञा द्या:

डीआयआर /एस /बी *.पीडीएफ | क्लिप

यातला ‘एस’ खालच्या सर्व फोल्डरांत जातो. ‘बी’ तारीख, आकार वगैरे गाळून फक्त पाथ देतो. उभी रेघ मिळालेले उत्तर पुढच्या आज्ञेकडे पाठवते आणि ‘क्लिप’ ते क्लिपबोर्डवर ठेवते. मग कुठेही कंट्रोल + व्ही. फाइलींची नावे मराठीत असतील तर या मार्गाने अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात. तेव्हा एक्स्प्लोररमध्ये फाइली निवडून ‘कॉपी ॲज पाथ’ वापरणेच बरे.

५. मॅक आणि लिनक्स

मॅकवर फाइंडरमध्ये फाइल निवडा आणि ऑप्शन + कमांड + सी दाबा. उजव्या क्लिकचा मेनू उघडून ऑप्शन कळ दाबून धरली, तर ‘कॉपी’च्या जागी पाथ कॉपी करण्याचा पर्याय येतो. ऑप्शन + कमांड + पी दाबले की खिडकीच्या तळाशी पाथची पट्टी कायम दिसत राहते. कॉपी केलेल्या पाथवर थेट जायचे असेल तर कमांड + शिफ्ट + जी.

लिनक्सच्या ग्नोम फाइल्समध्ये कंट्रोल + एल दाबले की वरची पट्टी टाइप करण्याजोगी होते. तिथून फोल्डरचा पाथ कॉपी करा. टर्मिनलमध्ये ‘पीडब्ल्यूडी’ ही आज्ञा तुम्ही आत्ता कुठे आहात ते सांगते. हे बांधकाम खाते नव्हे. ‘प्रिंट वर्किंग डिरेक्टरी’ या शब्दांची ही आद्याक्षरे आहेत. ‘रिअलपाथ’ आणि पुढे फाइलचे नाव दिले तर त्या फाइलचा पूर्ण पाथ मिळतो. फाइल शोधायची असेल तर ‘फाइंड’ ही आज्ञा आहे. मॅक आणि लिनक्स दोन्हींवर फाइल उचलून टर्मिनलमध्ये सोडली की तिचा पाथ उमटतो.

६. मराठी नावांच्या फाइली

फाइलींना मराठी नावे खुशाल द्या. आजच्या तिन्ही प्रणालींना देवनागरी चालते. पण एक गोष्ट माहीत असू द्या: डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाच्या लेखी वेगळे असू शकतात.

‘ॲसाइनमेंट’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार म्हणजे ‘अ’ला अर्धचंद्र जोडणे. दुसरा म्हणजे ‘ॲ’ हे स्वतंत्र एकसंध अक्षर. ते युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. काही कळफलक पहिला प्रकार देतात, काही दुसरा. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये ‘ॲसाइनमेंट’ आणि ‘अॅसाइनमेंट’ अशा दोन फाइली सुखाने नांदू शकतात. मोबाइलवर नाव दिलेली फाइल प्रयोगशाळेतल्या संगणकावर नाव टाइप करून शोधली तर ती समोर असूनही शोधात येत नाही, असे होऊ शकते.

‘पायऱ्या’ या शब्दाचेही तसेच आहे. त्यातला अर्धा ‘र’ (ऱ्) एका पद्धतीत ‘ऱ’ या वेगळ्या अक्षरापासून बनतो आणि दुसऱ्या पद्धतीत साध्या ‘र’ नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून: ‘पायर्‍या’. या दोन लेखनांतला फरक नजरेने ओळखू येईलच असे नाही. संगणकाला मात्र तो दिसतो. तसेच ‘सत्र_५’ आणि रोमन पाच असलेले ‘सत्र’ ही दोन वेगळी नावे आहेत.

यावर उपाय साधा आहे. शोधताना शब्दाचा असा तुकडा टाइप करा ज्यात ही अक्षरे नाहीत. ‘ॲसाइनमेंट’ऐवजी ‘*साइनमेंट’ शोधा. फाइल सापडली की नाव पुन्हा टाइप न करता पाथ कॉपी करा. वेलणकरांना निरनिराळ्या भाषांतल्या नावांवर जो इलाज करावा लागला, तोच इथे आपल्या एकाच भाषेतल्या दोन लेखनांवर करावा लागतो: लिहिलेल्या नावावर विसंबायचे नाही, ठरलेला पत्ता वापरायचा.

लांबीचाही विचार करा. विंडोजवरचे अनेक प्रोग्राम अजूनही पूर्ण पाथ २६० अक्षरांच्या आत असावा अशी अपेक्षा ठेवतात. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल प्रणालीत एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे ८५ चिन्हे. काना, मात्रा आणि हलन्त ही प्रत्येक वेगळी मोजली जातात. ‘क्ष’ एकटा तीन चिन्हांचा आहे. प्रकल्पाचे संपूर्ण शीर्षक फाइलला देऊ नका.

७. कॉपी केलेला पाथ कुठे वापरायचा

फाइल अपलोड करताना. हा उपयोग अनेकांना माहीत नसतो. ‘चूज फाइल’ दाबल्यावर जी खिडकी उघडते तिच्या ‘फाइल नेम’च्या चौकटीत पूर्ण पाथ पेस्ट करा आणि एंटर दाबा. फोल्डरे उघडत बसायला नको. मॅकवर त्या खिडकीत कमांड + शिफ्ट + जी दाबून पाथ द्या.

यात वेळ वाचतोच, पण आणखी मोठा फायदा आहे. प्रकल्प जमा करण्याच्या रात्री फोल्डरमध्ये ‘अहवाल’, ‘अहवाल_अंतिम’, ‘अहवाल_अंतिम_नवा’ अशा फाइली असतात आणि पोर्टल मध्यरात्री बंद होणार असते. घाईत यादीतून निवडताना शेजारच्या जुन्या फाइलवर क्लिक होते आणि सहा महिन्यांचे काम अर्धवट स्वरूपात जमा होते. म्हणून फाइल उघडून तपासा, तिचाच पाथ कॉपी करा आणि तोच पेस्ट करा. जी तपासली तीच गेली याची खात्री राहते.

प्रोग्राममध्ये. विंडोजवर कॉपी केलेल्या पाथभोवती दुहेरी अवतरणचिन्हे असतात. नावात मोकळी जागा असली तरी पाथ तुटू नये म्हणून ती असतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये ती तशीच ठेवा. पायथनमध्ये मात्र बॅकस्लॅशला खास अर्थ आहे. बॅकस्लॅशनंतर ‘एन’ आला तर नवी ओळ, ‘टी’ आला तर टॅब. ‘सी:\युजर्स’ रोमनमध्ये लिहिले की बॅकस्लॅशनंतर मोठा ‘यू’ येतो. पायथनला ती युनिकोड अक्षराची सुरुवात वाटते आणि प्रोग्राम चालण्याआधीच त्रुटी येते. यावर दोन उपाय आहेत: सुरुवातीच्या अवतरणचिन्हाआधी ‘आर’ हे अक्षर लिहा, किंवा सर्व बॅकस्लॅश बदलून स्लॅश करा. पायथनला विंडोजवरही स्लॅश चालतो.

तोंडी परीक्षेच्या आधी. पूर्ण पाथ तुमच्या संगणकापुरता खरा असतो. परीक्षकांच्या संगणकावर तुमचा ‘डी’ ड्राइव्ह नसतो आणि तुमच्या नावाचे फोल्डरही नसते. घरी उत्तम चालणारा प्रोग्राम तिथे पहिल्याच ओळीत थांबतो. म्हणून डेटाच्या फाइली प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवा आणि प्रोग्राममध्ये सापेक्ष पाथ लिहा. सापेक्ष पाथ म्हणजे ‘मी आत्ता आहे तिथून’ सांगितलेला रस्ता: एक टिंब म्हणजे हेच फोल्डर, दोन टिंबे म्हणजे एक पायरी वर. कस्तुरबा गांधी मार्गावर उभ्या असलेल्या माणसाला ‘पुढच्या चौकात उजवीकडे’ एवढे पुरते, पण पुण्याहून निघणाऱ्याला पूर्ण पत्ता लागतो. पूर्ण पाथ कॉपी करून फाइल खरोखर तिथे आहे ना ते पाहा, मग त्याचा प्रकल्पाच्या फोल्डरापर्यंतचा भाग काढून टाका. उरतो तो सापेक्ष पाथ.

फोल्डरचे नाव बदलताना. कस्तुरबा गांधी मार्गाचे पूर्वीचे नाव कर्झन रोड होते. नाव बदलले तरी जुन्या नावाने आलेले पत्र पोचवायला टपालवाला असतो. संगणकात असा टपालवाला नाही. फोल्डरचे नाव बदलले की त्यातून जाणारे सगळे पाथ मोडतात: प्रोग्राममधले, अहवालातल्या चित्रांचे आणि एक्सेलमधल्या दुव्यांचे. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच नावे ठरवा आणि ती मध्येच बदलू नका.

कोणाला पाठवताना. पाथ पाठवणे म्हणजे फाइल पाठवणे नव्हे. ‘सी’ किंवा ‘डी’ने सुरू होणारा पाथ मित्राला ईमेलने धाडून काही उपयोग नाही. शिवाय त्यात बहुधा तुमचे वापरकर्ता नाव असते. त्रुटीचा स्क्रीनशॉट सार्वजनिक ठिकाणी टाकण्याआधी तेवढा भाग झाका. दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पाथ मात्र नेटवर्कवरचा असतो. त्याच जाळ्यात असलेल्या आणि परवानगी असलेल्या वर्गमित्राला तो चालतो.

एकाहून अधिक पाथ लागत असतील तर विंडोज + व्ही वापरा. एकदा चालू केल्यावर हा क्लिपबोर्ड शेवटच्या २५ पर्यंत नोंदी लक्षात ठेवतो. प्रयोगशाळेतल्या सामायिक संगणकावरून उठताना त्या पुसून टाका, कारण त्यात पासवर्डही राहिलेला असू शकतो.

८. सराव

१. तुमच्या संगणकावरच्या कोणत्याही तीन फाइलींचे पाथ एकदम कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. पडद्यावर दिसणारे नाव आणि पाथमधले नाव यांत कुठे फरक आहे का ते लिहा.

२. डेस्कटॉपवरच्या एका फाइलचा पाथ कॉपी करा. त्यात ‘वनड्राइव्ह’ आहे का?

३. एका फोल्डरमध्ये ‘ॲप’ आणि ‘अॅप’ अशा दोन लेखनांची दोन फोल्डरे बनवून पाहा. इथली नावे कॉपी करा आणि पेस्ट करा. मग तुमच्या नेहमीच्या कळफलकावरून ‘ॲप’ टाइप करून शोधा. कोणते फोल्डर सापडले?

४. तुमच्या प्रकल्पाचे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. मूळ फोल्डरचे नाव तात्पुरते बदला आणि प्रोग्राम नव्या जागेहून चालवा. जिथे थांबेल तिथे तुम्ही पूर्ण पाथ लिहिलेला आहे. तो सापेक्ष करा आणि पुन्हा चालवा. हा चौथा प्रश्न तोंडी परीक्षेच्या किमान एक आठवडा आधी सोडवा.